नाण्याचा दोष आधी दाखवा, मग किंमत सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या नाण्यांना लिलावात मिळालेल्या मोठ्या किमतींच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. त्याच सालाचे, त्याच टांकसाळीचे दुसरे नाणे त्या किमतीच्या दहाव्या हिश्शालाही का जात नाही, हे मात्र त्या बातम्यांत नसते. बहुतेकदा कारण एकच: नाण्याची अवस्था. आणि ऑनलाइन विक्रीत नेमकी तीच झाकली जाते. नकली नाण्यांपासून सावध करणारे पुष्कळ लिहितात. अस्सल नाण्याचा न सांगितलेला दोष मात्र ‘जुने आहे, चालायचेच’ म्हणून सोडून दिला जातो. आमच्या मते ती फसवणूकच आहे, आणि ती ओळखता येते.

सर्वांत जास्त लपवले जाते ते घासून उजळलेले नाणे. टांकसाळीत ठशाचा दाब बसतो तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेले नाणे एकाच दिव्याखाली तिरके धरून फिरवले की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात, ते या रेषांमुळे. टूथपेस्ट, खायचा सोडा किंवा चांदीचे पॉलिश लावून नाणे चोळले की या रेषा जातात आणि त्या जागी एकाच दिशेने गेलेले बारीक चरे येतात. नाणे चमकते, पण त्यावरचा उजेड हलत नाही. अक्षरांच्या बेचक्यांत काळा मळ तसाच आणि सपाट भाग लख्ख, असे दिसले तर नाणे घासलेले आहे असे धरून चालावे. द्रवात बुडवून उजळलेले नाणे ओळखायला जास्त अवघड. थायोयुरिया आणि आम्ल असलेल्या या द्रवात चांदीवरचा काळा थर काही सेकंदांत उतरतो, पण थराबरोबर थोडी चांदीही जाते. पुन्हा पुन्हा बुडवलेले नाणे पांढरे दिसते आणि तरी मेलेले दिसते. शिवाय साधा तर्क आहे: व्हिक्टोरिया राणीच्या केसांच्या बटा झिजून सपाट झाल्या आहेत आणि चांदी मात्र काल पाडल्यासारखी शुभ्र आहे, हे दोन्ही एकाच नाण्यावर आपोआप घडत नाही.

घासलेल्या नाण्याची किंमत का पडते याचा खुलासा प्रतवारीत आहे. पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था १ ते ७० या मापावर नाण्याला अंक देतात. नाणे घासलेले, कडी लावलेले, भोक बुजवलेले किंवा पुन्हा कोरलेले निघाले तर साधारणपणे अंक मिळत नाही. ‘डिटेल्स’ असा शेरा आणि दोषाचे नाव तेवढे मिळते. सुट्या नाण्याच्या वर्णनात विक्रेता स्वतःच ‘एमएस ६३’ (मिंट स्टेट, म्हणजे न वापरलेले नाणे, अंक ६३) असे लिहून मोकळा होतो, त्याला काडीचाही आधार नसतो.

दागिन्यात वापरलेली नाणी हा दुसरा मोठा वर्ग. कडी काढून टाकली की कडेवर, बहुधा चित्राच्या डोक्याच्या वर, डाखाचा वेगळ्या रंगाचा ठिपका किंवा कानशीने सपाट केलेली जागा उरते आणि तिथले दाते बुजलेले असतात. भोक बुजवले असेल तर भिंगातून पुसट गोल रेषा दिसते, आतल्या धातूची छटा निराळी असते. बुजवलेल्या जागी एखादे अक्षर हाताने कोरून काढलेले असते. ठशाने उमटलेली रेषा नाण्यावर उठावदार आणि कडांना गोलसर असते. हत्याराने कोरलेली रेषा खोल, तीक्ष्ण आणि तळाशी चकचकीत. झिजलेल्या मुकुटावरचे मणी किंवा केस असे कोरून ‘सुधारलेले’ नाणे फोटोत जास्तच देखणे दिसते.

साल बदलण्याची कारागिरी याच जातीची. अमेरिकेने १९४३ साली युद्धासाठी तांबे वाचवायला एक सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पाडली. चुकून कांस्याच्या चकत्यांवर छापली गेलेली त्या सालाची मोजकी नाणी म्हणून फार महाग. तेव्हा कोणी पोलादी नाण्यावर तांबे चढवतो, ते लोहचुंबकाला चिकटते आणि वजनही ३.११ ऐवजी २.७० ग्रॅमच्या आसपास भरते. कोणी कांस्याच्याच १९४८ च्या सेंटवरच्या आठाचा डावा भाग तासून तीन करतो, आणि तिथे वजन व चुंबक दोन्ही परीक्षा पास होतात. आकडाच भिंगाखाली पाहावा लागतो. कोणती चाचणी कुठे निरुपयोगी ठरते हे माहीत नसेल तर चाचणी करूनही माणूस फसतो, तो असा.

आता फोटोंविषयी. बारीक चरे दिसायला दिवा कमी उंचीवर, एका बाजूने हवा. समोरून भरपूर पसरलेला उजेड टाकला किंवा नाणे स्कॅनरवर ठेवले की चरे नाहीसे होतात. पारदर्शक पाकिटातून काढलेला फोटो असेल तर पाकिटावरचा ओरखडा कोणता आणि नाण्यावरचा कोणता, हे सांगता येत नाही. विक्रेत्याला ते सोयीचेच. कडेचा फोटो जवळपास कोणीच देत नाही, आणि डाख, कानस, दोन पत्रे जोडल्याची किंवा ओतकामाची सांधरेषा या सगळ्या गोष्टी कडेवरच असतात. ‘चित्र केवळ नमुन्यादाखल’ असे लिहिले असेल तर पुढे वाचूच नये.

म्हणून पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडे चार गोष्टी मागाव्यात: दोन दशांशांपर्यंतचे वजन, पाकिटाबाहेर काढलेले दोन्ही बाजूंचे फोटो, कडेचा पूर्ण फेरा दाखवणारा फोटो किंवा चित्रफीत, आणि एका दिव्याखाली नाणे हळूहळू कलते करतानाची दहा-पंधरा सेकंदांची चित्रफीत. त्याबरोबर सरळ विचारावे, ‘नाणे घासलेले, बुडवलेले, कडी काढलेले किंवा दुरुस्त केलेले आहे का?’ आणि हा प्रश्न त्या बाजारमंचाच्या, म्हणजे विक्री जिथे चालते त्या संकेतस्थळाच्या, संदेशपेटीतूनच विचारावा. फोनवर मिळालेले ‘नाही हो, एकदम ओरिजिनल’ तक्रारीच्या वेळी कुठेच सापडत नाही. उत्तर आले नाही तर तेही उत्तरच समजावे. विक्रीचे पान, त्यावरचे वर्णन आणि सगळे फोटो त्याच दिवशी जतन करावेत, कारण विक्रीनंतर वर्णन बदललेले किंवा पान गायब झालेले आढळते.

स्लॅबमधले, म्हणजे प्रतवारी संस्थेने प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेले, नाणे घेताना त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासतात, पण क्रमांक जुळला म्हणजे झाले असे नाही. खऱ्या नाण्याचा क्रमांक उचलून बनवलेले खोटे डबेही बाजारात आहेत. संस्थेने त्या नाण्याचा फोटो ठेवला असेल तर डाग आणि ओरखडे जागेवर जुळतात का, हे पाहावे.

पार्सल उघडताना चित्रीकरण सुरू ठेवावे: आधी पत्त्याचे लेबल, मग सील, मग नाणे, मग वजनकाट्यावरचा आकडा, मध्ये न थांबता. काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. व्हिक्टोरियाच्या छापाचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, अमेरिकेचा चांदीचा मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅमचा. झिजेमुळे वजन थोडे कमी भरते. जास्त भरले तर मात्र शंका घ्यावी. धातूचा संशय असेल तर पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि नाणे दोऱ्याने पूर्ण बुडेल पण तळाला वा भिंतीला लागणार नाही असे लटकवावे. दिसेल तो आकडा म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. हवेतल्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. ९१.७ टक्के चांदीच्या त्या रुपयाला आकडा १.१३ च्या जवळ आणि घनता १०.३ च्या आसपास यायला हवी. पितळेची साडेआठच्या आसपास येते. नाण्याला चिकटलेला एक हवेचा बुडबुडाही हिशेब बिघडवतो, म्हणून आधी दोरा हलवून तो सोडवावा. नाणे नंतर चोळू नये, मऊ कापडावर टिपून घ्यावे. या चाचणीने धातू कळतो, घासलेपण नाही. त्यासाठी दहापट भिंग आणि तिरका उजेड पुरतो.

हिरवट चिकट थर दिसला तर तो बहुधा पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून उतरलेला असतो. लवकर लक्षात आले तर शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या भांड्यात, हवेशीर जागी आणि ज्योतीपासून दूर नाणे बुडवून तो निघतो. नखरंग काढायचा द्रव चालत नाही, त्यात इतर पदार्थ असतात. तांब्या-कांस्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी फोड असेल तर ते क्लोराइडचे काम, दमट हवेत ते पसरत जाते. असे नाणे इतर नाण्यांजवळ ठेवू नये. पण परत करायचे असेल तर यातले काहीही करू नये. एकदा ग्राहकाने नाणे धुतले किंवा स्लॅब फोडला की दोष कोणाचा हे सिद्ध होत नाही.

ग्राहकांकडूनही अन्याय होतो, तेही सांगायला हवे. नाण्याच्या पृष्ठभागावर उंच आलेली रेषा हा ओरखडा नसतो, ती बहुधा ठशाला गेलेल्या तड्याची खूण असते. पोत्यात नाणी एकमेकांवर आपटून पडलेले खळगे हे न वापरलेल्या नाण्यावरही असतात. सतराव्या-अठराव्या शतकातल्या काही नाण्यांवरचे कानशीचे समांतर चरे टांकसाळीतच, चकतीचे वजन नेमके करताना पडलेले असतात, आणि छाप त्यांच्यावरून गेलेली दिसते. हे दोष धरून नाणे परत करणारा ग्राहक पुढच्या खऱ्या तक्रारीची पत घालवतो.

तक्रार मोघम नसावी. ‘नाणे खराब आहे’ याला उत्तर येते, ‘जुने आहे.’ त्याऐवजी लिहावे: वर्णनात ‘मूळ अवस्था’ असे म्हटले आहे, कडेवर अमुक जागी डाखाचा ठिपका आहे, फोटो जोडला आहे, वर्णनाशी न जुळणारी वस्तू म्हणून पूर्ण परतावा हवा. ‘परत घेणार नाही’ ही अट बहुतेक मोठ्या बाजारमंचांवर अशा तक्रारीला लागू होत नाही. तरी मुदत आधी वाचून ठेवावी. विक्रेता बऱ्याचदा थोडे पैसे परत देऊन नाणे तुमच्याकडेच ठेवा म्हणतो. दोषासकट त्या नाण्याला बाजारात जो भाव आहे त्याइतकीच किंमत उरत असेल, तरच ते स्वीकारावे. ‘आधी तक्रार मागे घ्या, मग पैसे पाठवतो’ हे कधीही मान्य करू नये; मागे घेतलेली तक्रार बहुधा पुन्हा उघडता येत नाही. परत पाठवताना माग काढता येणारी, विमा उतरवलेली सेवाच घ्यावी. कार्डाने पैसे भरले असतील आणि बाजारमंचाने दाद दिली नाही तर बँकेकडे व्यवहार उलटवण्याची मागणी करता येते, त्यालाही मुदत असते.

बाजारमंचांनी करण्यासारखी गोष्ट याहून सोपी आहे. वापरलेला मोबाइल विकायला ठेवताना पडदा फुटला आहे का, बॅटरी कशी आहे, हे रकाने भरून घेतले जातात. नाण्यासाठी ‘वजन’, ‘कडेचा फोटो’, ‘घासलेले किंवा बुडवलेले आहे का’ आणि ‘कडी, भोक वा दुरुस्ती’ असे चार रकाने सक्तीचे करावेत, आणि ‘माहीत नाही’ हा पर्यायही ठेवावा. अनेक विक्रेत्यांना खरोखरच माहीत नसते, घरातली जुनी पेटी रिकामी करणारा माणूस नाणकशास्त्र शिकून येत नाही. त्याने ‘माहीत नाही’ वर खूण केली तर ग्राहक त्या हिशेबाने भाव लावील. ‘नाही’ वर खूण करून डाख लावलेले नाणे पाठवणाऱ्याला मात्र मग ‘लक्षात आले नाही’ असे म्हणता येणार नाही.

आपले,
काही नाणेसंग्राहक वाचक