शेळ्यांवाल्या मावशीस

प्रिय मावशी,

नातू हे वाचून दाखवेल तेव्हा शेळ्या बांधून निवांत बस. आपला खर्चुडीचा वेल नवीन जात ठरला. त्याच्यावरचा शोधपेपर छापून आला.

पुस्तकवाले खर्चुडीला कंदीलपुष्प म्हणतात. ऑगस्टात सातपुड्याच्या त्या बरडावर मी पोटावर पडून फोटो काढत होतो, तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसलीस. तुझं हसणं परवडलं. स्पिरिटमधलं फूल घेऊन मी एका मोठ्या जाणकारांकडे गेलो, तर तीन तास बाकावर बसवून, बाटली हातातही न घेता ते म्हणाले, ‘खान्देशात कसलं नवीन? कंदीलपुष्पं बघायची तर सह्याद्रीत जा.’

फुलाच्या नळीतले खाली वळलेले केस, ज्यांत माशी अडकते आणि फूल कोमेजलं की सुटते, आतला मुकुट, सगळं मी टिपलं होतं. नव्हत्या फक्त शेंगा. त्यांच्यावाचून वर्णन लंगडं. आणि शेंगा म्हणजे दोन शिंगं. वाळून उकलली की बी म्हातारीसारखं वाऱ्यावर जातं. ऑक्टोबरात येतो म्हणालो नि वडिलांच्या आजारपणात अडकलो. नोव्हेंबरात चढलो ते आशा सोडूनच.

वेलाभोवती बोरीच्या काट्या लावलेल्या. दोन्ही शिंगांना हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, गाठ सैल, काच बसू नये अशी. आत बी शाबूत. ‘उडी जातं, म्हनीसन बांधी ठेवं,’ एवढंच तू म्हणालीस आणि शेळ्यांमागे गेलीस. मी तिथेच बसून राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघणार नव्हतं. अशी माणसं भेटली की तीन तासांचा बाक विसरता येतो. जवळजवळ.

नव्या जातीचं वर्णन पूर्वी लॅटिनमध्येच लागायचं; २०१२ पासून इंग्रजी चालतं. अहिराणी अजून नाही. हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातल्या, नमुन्याच्या चिठ्ठीवर कोणी गोळा केलं ते असतं, कोणी राखलं याला रकाना नाही. पण पेपरात आभारात तुझं नाव आहे, रेशनकार्डावर आहे तसंच. जागा मात्र मोघम लिहिली. कंद उपटून नेणारे असले पेपर फार लक्ष देऊन वाचतात.

चिंधी माझ्याकडेच आहे, ती परत मिळणार नाही. दिवाळीनंतर लुगडं घेऊन येतो. हिरवंच आणू का, ते नातवाकडून कळव.

तुझा,
पोटावर झोपणारा फोटोवाला