एस-वनच्या वाटेवरची खोली

वेंगुर्ला, रविवार

प्रिय बायो,

अनेक आशीर्वाद.

हॅम्बुर्गची तू पाठवलेली दोन्ही हॉटेलं काल रात्री आम्ही बघितली. आई फोटो बघत होती, मी नकाशा. बंदरासमोरचं पहिलं हॉटेल तू का निवडलंस ते कळलं. खिडकीतून एल्ब दिसते, आईला काहीतरी छान द्यावं असं तुझ्या मनात आहे. पण एका रात्रीचं भाडं ऐकून ती गप्प झाली आणि आजीचं दूध तापवायला उठून गेली. त्या खोलीत पाच रात्री ती पैशांचा हिशेब करत बसेल, नदीकडे तिचं लक्ष जाणार नाही. दुसरं हॉटेल स्वस्त आहे, पण शहराबाहेर, हायवेच्या कडेला. आधी बस, मग ट्रेन, रात्री परत तेच. तिच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.

फोनवर घाईघाईत अर्धं राहून जातं, म्हणून लिहूनच पाठवतोय. मी येत नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आजीला एकटं ठेवता येत नाही, आणि हॅम्बुर्ग मी पाहिलंय. तुझ्या आईने मात्र तीस वर्षं त्या शहराची फक्त पाकिटावरची तिकिटं पाहिली. म्हणून या प्रवासात तिची सोय आधी, बाकी सगळं नंतर.

माझं म्हणणं असं की खोली साधी घ्या, पण एस-वनच्या वाटेवर घ्या. एस-वन ही तिथली लोकल. विमानतळावरून निघते, मुख्य स्टेशनला साधारण पंचवीस मिनिटांत येते, मग जमिनीखालून याँगफर्नश्टीग, लांडुंग्सब्रुकन, रेपरबान, क्योनिगश्ट्रासं, आल्टोना करत थेट वेडेलपर्यंत जाते. तुम्हाला बघायचं ते जवळजवळ सगळं या एका गाडीवर आहे. यातल्या एखाद्या स्टेशनापासून पाच-सात मिनिटं चालण्याच्या अंतरावर हॉटेल मिळालं, तर आईला गाडी बदलावी लागणार नाही, जिने कमी चढावे लागतील आणि रात्री परतताना तुलाही धास्ती राहणार नाही. परतीच्या दिवसाचं एक आत्ताच लक्षात ठेव. विमानतळाला जाताना ओल्सडॉर्फला ही गाडी तुटते. पुढचे तीन डबे विमानतळाला जातात, मागचे दुसरीकडे. बॅगा घेऊन पुढच्याच डब्यात बसा.

आता मोहल्ल्यांचं सांगतो. रेपरबान स्टेशनच्या आसपास स्वस्त खोल्या खूप दिसतील. तो सांक्ट पाउली, खलाशांचा जुना मोहल्ला. तिथली माणसं वाईट नाहीत, मी बिनघोर फिरलोय. पण शुक्रवार-शनिवारी पहाटेपर्यंत रस्त्यावर गर्दी आणि आरडाओरडा असतो. आईची झोप किती सावध आहे ते तुला माहीत आहे. मुख्य स्टेशनला लागून सांक्ट गेऑर्ग आहे. तिथे साध्या हॉटेलांची रांगच आहे, पण गल्ली बघून घे. लांगं रायं हा रस्ता चांगला, कॅफे, छोटी दुकानं, माणसांची वर्दळ. श्टाइनडाम दिवसा फार उपयोगाचा, कारण तुर्की आणि अफगाणी किराणा दुकानांत डाळ, तांदूळ, कोथिंबीर, हिरवी मिरची सगळं मिळतं. रात्री मात्र तिकडून येणं-जाणं नको. माझी पहिली पसंती आल्टोना. 1864 पर्यंत ते डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यातलं वेगळं गाव होतं आणि अजूनही तिथे गावपण टिकून आहे. संध्याकाळी बाकावर बसलेली म्हातारी माणसं दिसतात, नदी उतारावरून खाली चालत जाण्याइतकी जवळ. आईला तिथे परकं वाटणार नाही.

हॉटेलच्या नावापुढे ‘गार्नी’ लिहिलेलं दिसलं तर दचकू नकोस. म्हणजे तिथे फक्त नाश्ता मिळतो, जेवण नाही. बहुतेक ही घरच्याच माणसांनी चालवलेली हॉटेलं असतात आणि मला तीच आवडतात. पण बुक करण्याआधी मेल करून विचार, रात्री काउंटरवर माणूस किती वाजेपर्यंत असतो?

हे मी का सांगतोय ते ऐक. 1987 च्या फेब्रुवारीत मी जहाज जॉइन करायला मुंबईहून विमानाने हॅम्बुर्गला गेलो. धुक्यामुळे जहाज दोन दिवस उशिरा येणार होतं, म्हणून एजंटच्या माणसाने मला सांक्ट गेऑर्गमधल्या एका लहानशा हॉटेलात सोडलं. संध्याकाळी जेवायला बाहेर पडताना मुंबईतल्या लॉजच्या सवयीने मी किल्ली काउंटरवर ठेवली. साडेदहाला परत आलो तर रस्त्यावरचा दरवाजा बंद, आत अंधार. बेल वाजवली, कोणी आलं नाही. बर्फ पडत होता. माझ्या अंगावर आईने विणलेला निळा स्वेटर आणि वर पातळ जॅकेट. पाऊण तास मी त्या दारात उभा होतो. बोटांना काही कळेनासं झालं तेव्हा हात काखेत घालून उभा राहिलो. शेवटी वरच्या मजल्यावरचा एक पाहुणा आला. त्याने खिशातून आपल्या खोलीची किल्ली काढली आणि त्याच किल्लीने रस्त्यावरचा दरवाजा उघडला. तेव्हा मला समजलं की अशा लहान हॉटेलांत एकच किल्ली दोन्हीकडे चालते आणि बाहेर जाताना ती आपल्याजवळच ठेवायची असते. आता किल्लीऐवजी कुठे कुठे नंबर देतात. तुमचं विमान रात्री उतरतंय. तो नंबर किंवा किल्ली कशी मिळणार, हे लेखी मागून घे आणि कागदावर छापून ठेव. मोबाइलची बॅटरी ऐनवेळी संपते.

दुसरं लिफ्टचं विचार. जुन्या इमारतींत चार-चार मजले आणि लाकडी अरुंद जिने असतात. लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्यावरचीच खोली माग. तिसरं, संडास-बाथरूम खोलीतच आहे ना? फार स्वस्त दिसणाऱ्या खोल्यांत ते कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांत मिळून एक असतं. मला चाललं, जहाजावरचा माणूस मी. आईला रात्री दोनदा उठावं लागतं, तिच्यासाठी ते नकोच. इथे चार पैसे जास्त गेले तरी घाल. बादली-मग मिळणार नाही, कमोडजवळ पाण्याचा नळही नसेल. स्वयंपाकघरातला तो हिरवा प्लास्टिकचा तांब्या मी बॅगेत घालून ठेवतो. मागच्या अंगणाकडची खोली मागितली तर रस्त्याचा आवाज येत नाही.

पलंगाचंही आईला आधीच सांगून ठेव. जोडपलंगावर दोन वेगळ्या गाद्या आणि दोघांना दोन वेगळ्या दुलया घडी करून ठेवलेल्या असतात. वर पांघरायची वेगळी चादर नसते, दुलईलाच खोळ असते. उशा मोठ्या चौकोनी आणि इतक्या मऊ की डोकं पार आत जातं. तिच्या मानेचं दुखणं आहे, तेव्हा घरची लहान उशी बरोबर घ्यायलाच हवी.

तारखांचं महत्त्वाचं. तू मेचा पहिला-दुसरा आठवडा म्हणतेस. 7 मे हा हॅम्बुर्ग बंदराचा वाढदिवस. 1189 साली बादशहा बार्बारोसाने जकातमाफीची सनद दिली तो हा दिवस मानतात. हातात असलेला कागद नंतर बनवलेला आहे असं इतिहासकार सांगतात, पण शहर उत्सव करतं तो जोरात. त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी लाखो लोक धक्क्यावर येतात आणि साध्या खोलीचं भाडंही आभाळाला भिडतं. तुझं ट्रेनिंग हलत नसेल तर निदान सुट्टीचे दिवस तो वीकेंड टळेल असे घे. मेच्या मध्यापासून रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेही आईला बरं.

व्हिसासाठी सगळ्या रात्रींचं बुकिंग दाखवावं लागतं, म्हणून फुकट रद्द करता येईल असंच घे. बुकिंगवर दोघींची नावं हवीत, आणि आईचं नाव पासपोर्टवर आहे तस्संच. तिच्या आधारवर आणि पासपोर्टवर स्पेलिंग वेगळं आहे, विसरू नकोस. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. तो तिच्या वयाचा आणि बीपीचा खरा तपशील देऊन काढ, हप्ता वाढला तरी चालेल. हॉटेलच्या भाड्यावर शहराचा छोटासा कर वेगळा लागतो. परदेशी पाहुण्यांना पोहोचल्यावर नोंदणीचा कागद भरून सही करावी लागते, तेव्हा पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको. थोडे युरो रोख ठेव. लहान ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही.

खाण्याची काळजी मला फार नाही. सकाळी पाव, चीज, उकडलेलं अंडं, दही, फळं मिळतात. आईला पावासारखा काही गोड पदार्थ हवा असेल तर फ्रान्सब्र्योटशन घेऊन दे, दालचिनीचा, हॅम्बुर्गचा खास. धक्क्यावर पावात मासा घालून देतात. त्यातला माट्येस म्हणजे खारवलेला कच्चा हेरिंग, तो ती तोंडात धरणार नाही. बाकफिश माग, तो पिठात बुडवून तळलेला असतो. लाब्सकाउस नावाचं खलाशांचं जेवण कोणी कौतुकाने पुढे केलं तर नको म्हण. त्यात गाईचं खारवलेलं मांस असतं. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच दूध-फळं आणून ठेव. मुख्य स्टेशनातली दुकानं तेवढी उघडी राहतात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. घेतल्याच तर रिकामी प्लास्टिकची बाटली टाकू नकोस, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की 25 सेंट परत मिळतात.

फिरायला कुठे जायचं ते तुम्ही ठरवा. फक्त दोन गोष्टी माझ्यासाठी करा.

एक, लांडुंग्सब्रुकनहून 62 नंबरची बोट पकडा. ट्रेनचंच तिकीट तिला चालतं, त्यासाठी महागडी सहल विकत घ्यायची गरज नाही. मात्र तिकीट काढायला विसरू नका. तिथे फाटक नसतं, पण तपासणीस आला आणि तिकीट नसलं तर 60 युरो दंड. बोटीत वरच्या डेकवर बसा आणि नॉयम्यूलनला उतरा. तिथे वाळू आहे, आणि समोरच्या काठावर कंटेनर उतरवणाऱ्या क्रेन दिवसरात्र चालू असतात. मी 1984 मध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचं जहाज आठ-आठ दिवस धक्क्याला असायचं, माल उचलून उचलून उतरवायचे. आता एक-दीड दिवसात जहाज परत निघतं, पोरांना जमिनीला पाय लावायला मिळत नाही. वाल्टर्सहोफला डुकडाल्बन नावाचा खलाशांचा क्लब आहे, 1986 सालचा. त्यांची गाडी जहाजावर येऊन आम्हाला घेऊन जायची. वरच्या मजल्यावर प्रार्थनेची खोली आहे, सगळ्या धर्मांची मिळून, आपल्या देवांनाही त्यात जागा आहे. तिथून मी तुम्हाला फोन करायचो. तू दोन वर्षांची होतीस, रिसीव्हरमध्ये नुसता श्वास ऐकू यायचा.

दुसरी गोष्ट वेडेलची. एस-वनचं शेवटचं स्टेशन, तिथून खाली नदीवर शुलाउ. समुद्रातून हॅम्बुर्गला यायचं तर एल्बमधून शंभरेक किलोमीटर आत यावं लागतं, आणि शुलाउ डाव्या हाताला लागतं. 1952 पासून तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना दिवसा सलामी देतात. झेंडा खाली घेऊन वर करतात आणि लाउडस्पीकरवर त्या जहाजाच्या देशाचं राष्ट्रगीत लावतात. पहिल्यांदा आत जाताना मी नाळेकडे दोरखंड मोकळे करून ठेवत होतो. सकाळची वेळ, पाण्यावर पांढरी वाफ. आणि काठावरून जन गण मन ऐकू आलं. मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. सारंगाने हातातला दोर खाली ठेवला, आम्ही सगळे ताठ उभे राहिलो. हातमोजे काढायचं भान राहिलं नाही. घरून निघून चार महिने झाले होते. त्या दिवशी आईला पत्र लिहिलं, पण त्यात हे काही लिहिता आलं नाही. नुसतं ‘सुखरूप पोहोचलो’ लिहिलं.

तिला तिथे घेऊन जा. भारताचा झेंडा असलेलं जहाज मिळणं अवघड, बहुतेकांवर लायबेरिया, पनामा किंवा माल्टाचा झेंडा असतो. पण कुठल्याही जहाजाला दिलेली सलामी ती बघेल, तेवढं पुरे. तिथे बाक आहेत, तिला बसव, शाल बरोबर घे, नदीवर वारा बोचरा असतो. आणि जहाज येताना दिसलं की मला फोन लाव. तुमच्याकडे सकाळचे अकरा म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच. आजी तेव्हा झोपलेली असते. मी फोन घेऊन पडवीत बसेन.

तुझा,
बाबा