सतरंजी पाठवते आहे

सातारा,
३ डिसेंबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल पुण्याहून फोन केलास तेव्हा तू घाईत होतीस. "आई, रविवारी वेताळ टेकडीवर एका बाईंचं शूट आहे, दोन कुत्री आहेत, पावणेसहाला बोलावलंय, उजेड कमी असेल तर आयएसओ किती ठेवू?" एवढं एका दमात विचारलंस. मी आकडा सांगितला आणि तू फोन ठेवलास. नंतर अंथरुणावर पडल्यापडल्या मला चुटपुट लागली. आकडा बरोबरच होता, पण तेवढाच सांगून मी गप्प बसायला नको होतं. म्हणून सकाळची कामं उरकून लिहायला बसले आहे.

आधी वेळेचं बघ. पावणेसहा फार उशीर होतो. दिवस सगळ्यात लहान २२ डिसेंबरच्या सुमारास असला, तरी आपल्याकडे सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस, आणि अजून त्यात फारसा फरक पडलेला नाही. सहाच्या आसपास सूर्य गेलेला असेल. विलायतेतल्या फोटोग्राफरांचे व्हिडिओ बघून तू अंदाज बांधत असशील तर तो अंदाज इथे चालत नाही. तिकडे सूर्य तिरका उतरतो, संध्याकाळ रेंगाळते. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली जातो. मावळल्यानंतर तेवीस-चोवीस मिनिटांत कातरवेळ संपते, आणि तेवढ्यात उजेड जवळजवळ शंभर पटींनी कमी झालेला असतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कारण डोळा सरावत जातो. सुरुवातीला चार-पाच मिनिटांना एक स्टॉप जातो, म्हणजे उजेड निम्मा होतो, मग तीनच मिनिटांना. तू बाईंना "जरा इकडे सरका" म्हणेपर्यंत एक स्टॉप गेलेला असतो. त्यांना साडेचारला बोलाव. एआरएआयच्या, त्या वाहन संशोधन संस्थेच्या, बाजूने गाडी बरीच वर जाते, तिकडूनच या. म्हाताऱ्या कुत्र्याला खालून चढवू नकोस.

त्या म्हाताऱ्यासाठीच हे पत्र आहे म्हण ना. तू ओघात बोलून गेलीस की काळा गावठी आहे, चौदा वर्षांचा, डॉक्टरांनी किडन्यांचं काही सांगितलंय म्हणून बाईंना आता फोटो हवेत. ते ऐकलं आणि मला आमच्या गुरुजीबाईंचा शेरू आठवला.

तू तेव्हा लहान होतीस. २००३ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. पेठेतल्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई स्टुडिओत आल्या. एकट्या राहायच्या. घरात दोन कुत्री, त्यातला शेरू बारा-तेरा वर्षांचा. "स्टुडिओत नको, तो घाबरतो. रोज संध्याकाळी आम्ही चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला जातो, तिथे काढाल का?" म्हणाल्या. मला फार आवडलं. तेव्हा साताऱ्यात कुत्र्याचे फोटो काढायला पैसे देणारं कोण होतं? लग्नं, मुंजी, बारशी आणि पासपोर्ट फोटो यावर आपलं घर चालायचं. मी निकॉनचा एफएम-टू कॅमेरा घेतला, ५० मिलिमीटरची लेन्स, ४०० स्पीडचा एक रोल. छत्तीस फोटो.

आपल्या गावाचं तुला ठाऊक आहे. पश्चिमेला यवतेश्वर आडवा असल्यामुळे पंचांगात सूर्यास्त असतो त्याच्या कितीतरी आधी सूर्य डोंगराआड जातो. पण वर आभाळ लख्ख असतं आणि त्या आभाळाचा मऊ उजेड चेहऱ्यावर पडतो. फोटोला त्याच्यासारखा उजेड नाही. मला मात्र सोनेरी ऊन हवं होतं. ते गेलं म्हणून मी हिरमुसले आणि समोर असलेला उजेड नीट वापरलाच नाही. बाईंना कट्ट्यावर बसवलं, शेरूला त्यांच्या पायाशी. तो बसायचा, मी फोकस करायची, तो उठायचा. पुन्हा बसवायचा. मागचे पाय दुखत होते त्याचे, बसताना आधी एक पाय टेकवायचा, मग दुसरा. हे मी व्ह्यूफाइंडरमधून बघत होते आणि तरीही त्याला सात-आठ वेळा बसवला. दुसरं कुत्रं तर सारखं बकऱ्यांमागे धावत होतं.

अंधारून आलं. मीटरने सेकंदाचा तीसावा भाग दाखवला, मग पंधरावा. मी बॅगेतून फ्लॅश काढला. बाई म्हणाल्या, "त्याला चालेल का?" मी म्हटलं, "एकदाच." तो लखकन उडाला आणि शेरू असा दचकला की बाईंच्या हातातून साखळी सुटली. पळता येत नसलेलं कुत्रं पळालं. आम्ही दोघी त्या पायऱ्यांवरून हाका मारत उतरलो. त्याला ऐकूही कमीच यायचं. अर्ध्या तासाने खालच्या रस्त्याकडेला सापडला, थरथरत होता. बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी त्याच्या कानातली कुसळं काढली, पाठीवरून हात फिरवला आणि त्या दोघांना घेऊन घरी निघाल्या.

आठवड्याने त्या फोटो न्यायला आल्या. फ्लॅशच्या फोटोत शेरूचे डोळे हिरवे चमकत होते. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, त्यामुळे त्यांना अंधुक उजेडात आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, आणि त्यामुळेच समोरून फ्लॅश मारला की डोळे असे पेटतात. हे मी बाईंना समजावून सांगत बसले. त्यांनी ऐकून घेतलं. मग सगळे फोटो उलटसुलट बघून विचारलं, "परत निघालो तेव्हाचा एकही नाही का हो?" मला कळेना. त्या म्हणाल्या, "तो रोज पुढे चालतो. पायऱ्यांपाशी थांबतो, मान वळवून मी येतेय ना बघतो, मग पुढे जातो. बारा वर्षं मी त्याला असाच बघत आलेय. मला वाटलं तुम्ही तो काढालच."

मी तो काढला नव्हता. तेव्हा तर माझा कॅमेरा बॅगेत गेला होता, "आता उजेड नाही" म्हणून. पण मनू, पायऱ्या उतरताना मागे पश्चिमेचं आभाळ नारिंगी होतं. तीसाव्या भागाला, कठड्याला टेकून, त्या दोघांच्या नुसत्या काळ्या आकृत्या तरी आल्या असत्या. शेपटी, वळलेली मान, मागे काठी टेकत येणाऱ्या बाई. रोलमध्ये चार फोटो शिल्लक होते. ते मी दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पासपोर्टला वापरले. पुढच्या श्रावणात शेरू गेला.

तेव्हा रविवारी कॅमेरा बाहेर काढायच्या आधी बाईंना एवढं विचार: घरी तो कुठे बसतो? तुम्ही दमून आलात की काय करतो? तुमच्या डोळ्यांसमोर तो कसा येतो? त्या जे सांगतील ते आधी काढ. कदाचित ते अगदी साधं काहीतरी असेल, गुडघ्यावर हनुवटी टेकवणं किंवा चपलेवर पाय ठेवणं. तुला हवे ते फोटो त्यानंतर. आणि गाडीचं दार बंद होईपर्यंत कॅमेरा बॅगेत घालायचा नाही.

आता तुझ्या आकड्यांकडे येते, त्यांच्याशिवायही चालत नाही.

धाकटी कुत्री कारवान जातीची आहे म्हणालीस, दोन वर्षांची. हीच मुधोळची जात. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळही आहे. बाबांच्या अल्बममध्ये आहे ते तिकीट, आलीस की बघ. ही कुत्री वासापेक्षा नजरेवर शिकार करतात. लांब काही हललं की संपलं, मग मालकाची हाक काय आणि बिस्किट काय. टेकडीवर मोर आहेत, त्यामुळे तिला मोकळी सोडायची नाही, बाई कितीही "ऐकते हो ती" म्हणाल्या तरी. लांब दोरी लाव आणि कुणाला तरी धरायला सांग. तिचा फोटो झाला की कॅमेरा न हलवता त्याच जागेचा एक रिकामा फोटो घे, म्हणजे दोरी नंतर पुसायला सोपं जातं. तिचं काम सगळ्यात आधी उरक, ऊन असताना, कारण धावत्या कुत्र्याला हजारावा भाग लागतो आणि तो पावणेसहानंतर मिळणार नाही. ती उभी राहून लांब बघत असेल तेव्हा बाजूने काढ. खोल छाती आणि वर ओढलेलं पोट ही त्या जातीची सगळी शान बाजूनेच दिसते.

तोवर काळ्याला पडून राहू दे. त्याची पाळी सूर्य टेकताना. बाई आणि तो, दोघांची तोंडं पश्चिमेकडे, आणि तुझी पाठ पश्चिमेला. सूर्य गेल्यानंतरही ते सगळं आभाळ मोठ्या पांढऱ्या चादरीसारखं काम करतं. काळ्या केसांवर झळाळी येते, डोळ्यात उजेडाचा ठिपका येतो. तो ठिपका नसला की काळ्या कुत्र्याच्या तोंडावर डोळे सापडत नाहीत. त्याच्या मागे झाडी येऊ देऊ नकोस, वाळलेलं गवत येऊ दे. सध्या टेकडीवर ते पिवळं पडलेलं असेल. बाईंना हळदी किंवा फिकट रंगाचं काही घालायला सांग, काळं किंवा गडद निळं नको. आणि कॅमेऱ्यावर विसंबू नकोस, त्याला काळा रंग कळत नाही, तो काळ्याला राखाडी करून ठेवतो. चौकट काळ्याने भरली असेल तर एक स्टॉप कमी कर.

आयएसओ मी ३२०० म्हटलं होतं, पण लागलं तर ६४०० कर, भिऊ नकोस. तुमच्या पिढीला फोटोत दाणे दिसले की वाईट वाटतं. आम्ही दाण्यांसकटच शिकलो. अंधारा काढलेला फोटो घरी येऊन उजळला की त्यात जे दाणे येतात ते जास्त घाण दिसतात. बसलेल्या कुत्र्याला १२५वा भाग पुरतो, त्याच्याखाली गेलीस तर श्वास रोखून तीन-तीन काढ. लेन्स १.८ वर पूर्ण उघडून काढायचा मोह होईल, पण मग बाई स्पष्ट आणि कुत्रा धूसर असं होतं. २.८ ठेव आणि दोघांची तोंडं कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आण. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, डेलाइटवर ठेव. ऑटो ती सगळी संध्याकाळ पुसून टाकतो आणि दुपार झाल्यासारखं दिसतं.

बसून काढ, किंवा सरळ पालथी पड. गवतात कुसळं असतात, जीन्स घाल. फ्लॅश घरी ठेव. नुसता बंद नको, घरीच ठेव.

सगळ्यांनी एकाच वेळी कॅमेऱ्यात बघावं असाही हट्ट नको. आपल्या देव्हाऱ्यातली दत्ताची तसबीर आठव. पायाशी चार कुत्री, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे, पण इतक्या वर्षांत कुणाला त्यात चूक दिसली नाही.

म्हाताऱ्याला हाक मारू नकोस, ऐकू येत नसेल. जमिनीवर हाताने थाप मार, ती त्याला पायांतून कळते. बाईंना विचार त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे का. असेल तर अंधार पडताना त्याला खाचखळगे दिसणार नाहीत, म्हणजे सव्वासहाला तुम्ही गाडीकडे निघालेलं असायला हवं, फोटो झालेले असोत की नसोत. किडनीचं दुखणं आहे तेव्हा तू नेलेलं बिस्किट त्याला विचारल्याशिवाय देऊ नकोस. पाणी मात्र ने, वाडग्यासकट.

आणि तो बसत नसेल तर बसवू नकोस. उभा राहू दे, आडवा पडू दे, बाईंना त्याच्याजवळ जमिनीवर बसू दे. जमीन या दिवसांत संध्याकाळी गार पडते. बाबांनी माळ्यावरून जुनी निळी सतरंजी काढून उन्हात घातली आहे, ती आज एसटी पार्सलने पाठवते आहे. उद्या दुपारी स्वारगेटला जाऊन घे, तिथे सांगून ठेवते, पावती मोबाइलवर पाठवीन. तिच्यावर त्याला बरं वाटेल, आणि रंगही फोटोत वाईट दिसणार नाही. सतरंजीत चार बेसनाचे लाडू आहेत, ते तुझे.

बाईंना माझा नमस्कार सांग. परत निघताना त्या दोघांच्या मागे थोडं अंतर ठेवून चाल, आणि तो मान वळवतो का बघ.

तुझी,
आई