आशाताईनं भात कमी करा सांगितलं म्हणून नोटीस? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात पिठाची गिरणी चालवतो आणि माझी बायको आशा वर्कर आहे. तुमच्याच खात्याचं काम करते, तेव्हा ओळख द्यायची गरज नसावी, पण द्यावी लागतेय.

गेल्या आठवड्यात तिला कारणे दाखवा नोटीस आली. गुन्हा काय, तर महिलांच्या मीटिंगमध्ये तिनं सांगितलं की शुगर असेल तर चपाती, भाकरी, भात निम्म्यावर आणा, त्याजागी अंडी, उसळ, दही, पालेभाजी वाढवा, आणि गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारूनच करा. एवढंच. नोटिशीत लिहिलंय "प्रशिक्षणाबाहेरील वैद्यकीय सल्ला दिला". म्हणजे बाईनं कुणाला गोळी दिली नाही, इंजेक्शन टोचलं नाही, भात कमी खा म्हणाली तर तो वैद्यकीय सल्ला. आणि दोन ताटं भात खा म्हणाली असती तर तो काय झाला असता, संस्कार?

तिला हे कुठून सुचलं ते ऐका. ती घरोघरी जाऊन तीस वर्षांवरच्या लोकांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे शुगर-बीपीचा धोका कुणाला आहे ते शोधायचे फॉर्म, भरते. टेप घेऊन कंबर मोजते, बाईची ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की मार्क वाढतात, बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला पाठवायचं. एका फॉर्मला दहा रुपये. सगळ्या गावाची कंबर मोजली पण हिच्या कंबरेला टेप लावायला कुणी आलं नाही. पायाला मुंग्या यायला लागल्या, रात्री चार-चार वेळा उठायची, मी म्हणायचो कामाचा ताण असेल. शेवटी खाजगी लॅबमध्ये एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी रक्ताची टेस्ट, केली तर ९.४, म्हणजे बरंच जास्त.

मग सुरू झाल्या गोळ्या. शुगरच्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, वर बीपीची. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायच्या हे मान्य करतो, खोटं का बोलू. पण दीड वर्ष गोळ्या खाऊन आकडा हलला तो वरच हलला, आणि दर वेळी एकच वाक्य, "पथ्य पाळा". पथ्य म्हणजे काय विचारलं तर हातात एक झेरॉक्स. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी तीन चपात्या आणि वाटीभर भात, चार वाजता चहा आणि दोन मारी बिस्किटं, रात्री परत दोन चपात्या. साखर तेवढी टाळा. अहो सगळा स्टार्चच आहे की त्यात, पोटात गेल्यावर त्याची साखरच होते, हे दहावी नापास गिरणीवाल्याला कळतंय.

शेवटी तालुक्याला एक भला डॉक्टर भेटला. त्यानं पहिल्यांदा ग्लिमेपिराइड निम्मी केली, कारण ती गोळी तुम्ही खा न खा शुगर खाली ढकलते, आणि जेवण कमी करून तीच गोळी चालू ठेवली तर माणूस घाम फुटून पडतो. मग म्हणाला घरात ग्लुकोमीटर ठेवा, जेवणाआधी आणि दोन तासांनी बघा, आणि काय खाल्ल्यावर किती चढतं ते तुम्हीच लिहा. वही घातली. साबुदाण्याच्या खिचडीनं एकादशीला जो आकडा दाखवला तो बघून हिनं उपासच बदलला, आता शेंगदाण्याची आमटी आणि दही, वरई नाही. सकाळी दोन अंडी किंवा हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाची पोळी. दुपारी आधी भाकरीबरोबर कोरड्यास, म्हणजे भाजी, असायचं, आता कोरड्यासाबरोबर भाकरी असते, तीही चतकोर. मेथी, शेपू, चाकवत, वांगं, दोडका, मटकी, ताक, रविवारी मटण आणि वर तूपसुद्धा. भात बंद. चहात साखर बंद, आणि हे आमच्या जिल्ह्यात! इथं दिवाळीला कारखान्याची सभासदाची साखर पोत्यानं घरी येते, ती खाल्ली नाही तर चेअरमनचा अपमान झाल्यासारखं बघतात. लोक मला गिरणीत येऊन टोमणे मारायचे, गिरणीवाल्याचीच बायको चपाती खाईना, मग आम्ही दळण कशाला आणायचं. सासरचे माहेरचे सगळे म्हणाले अशक्तपणा येईल. काहीजण म्हणाले त्यापेक्षा डॉ. दीक्षितांचं डाएट करा, दोनदाच जेवा. ज्याला जे झेपतं ते त्यानं करावं, हिला उपाशी राहून उन्हातान्हात घरं फिरायला जमत नव्हतं.

एचबीए१सी आधी ७.१ आलं, पुढच्याला ६.२. ग्लिमेपिराइड बंद, मेटफॉर्मिन निम्मी. वजन ७४ वरून ६५. बीपीची गोळी डॉक्टरनीच कमी केली. मुंग्या गेल्या नाहीत अजून पूर्ण, पण रात्री सलग झोपते, आणि बाईच्या तोंडावर तेज आलंय, ते कुठल्या रिपोर्टात येत नाही. हे बघून गावातल्या बायकांनी विचारलं आशाताई तुम्ही काय केलं, तर तिनं काय सांगायचं होतं, प्रशिक्षण पुस्तिकेतलं पान?

आणि ज्या खात्यानं नोटीस काढली त्यांचं मधुमेह दिनाचं शिबिर मी डोळ्यानं बघितलंय. बॅनर, दीपप्रज्वलन, तीन भाषणं, आणि पेशंटला अल्पोपाहार म्हणून शिरा! वर गोड चहा. त्याची कारणे दाखवा कुणाला पाठवायची?

आता माझ्या धंद्याचं सांगतो. गिरणीत रोज कोण ना कोण येतं, "शुगरचं पीठ" करून द्या. गव्हात नाचणी, ज्वारी, बाजरी, सोयाबीन घालून मल्टिग्रेन. मला त्यात चार पैसे जास्त मिळतात, तरी सांगतो, नुसतं पीठ बदलून काही होत नाही, चपात्या तेवढ्याच खायच्या असतील तर. हे मी म्हणत नाही, आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या देशभरातल्या मधुमेहाच्या इंडियाब अभ्यासाचं २०२५ सालचं म्हणणं आहे. भारतीय माणसाच्या ६२ टक्के कॅलरी कार्बोहायड्रेटमधून, म्हणजे स्टार्च आणि साखरेतून येतात आणि भाताच्या जागी गहू किंवा भरडधान्य ठेवलं तरी एकूण कार्ब कमी केल्याशिवाय धोका कमी होत नाही, त्याजागी थोडं जरी डाळीचं नाहीतर दुधाचं प्रोटीन आलं तर फरक पडतो. आणि सरकारनं २०२३ मध्ये काय केलं, भरडधान्य वर्ष! श्री अन्न म्हणून मंत्र्यांनी बाजरीच्या भाकरीबरोबर फोटो काढले. त्याच आयसीएमआरनं २०२३ ला सांगितलं देशात १०.१ कोटी शुगरवाले आहेत आणि १३.६ कोटी काठावर. एवढ्या लोकांना झेरॉक्सवरच्या तीन चपात्या पुरवणार का?

बरं, गरिबानं आशाताईचं ऐकून कमी कार्ब खायचं ठरवलं तरी खाणार काय? रेशनवर माणशी पाच किलो, गहू आणि तांदूळ, फुकट. पाच किलो भागिले तीस, म्हणजे रोज दीडशे ग्रॅमच्या वर धान्य सरकारच ताटात वाढतंय. भूक भागली पाहिजे, त्याला माझा विरोध नाही, मी स्वतः रेशनचा गहू दळतो. पण डाळ कुठाय? सणाला आनंदाचा शिधा दिला, त्यात हरभऱ्याची डाळ होती पण तीही सणापुरतीच, बाकी साखर, रवा, पामतेल, नंतर मैदा, पोहे, नाव तर चांगलं होतं आनंदाचा. आणि शाळेत पोरांना अंडं सुरू केलं होतं, तर जानेवारी २०२५ ला त्याचे पैसे बंद, लोकवर्गणीतून करा म्हणाले. अंड्याला पैसे नाहीत, जाहिरातीच्या पानांना आहेत. मंत्र्यांच्या बंगल्यांना रंग द्यायला लोकवर्गणी कधी काढताय ते पण कळवा, मी शंभर रुपये देतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात सगळं मोफत अशी घोषणा झाली. छान. आमच्याकडे एचबीए१सीचा विषय काढला की बाहेरून करून आणा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एकच ही टेस्ट, ती नसेल तर पेशंट सुधारतोय का बिघडतोय हे डॉक्टरला कळणार कसं, आदल्या दिवशी कमी खाल्लं की उपाशीपोटीची शुगर बऱ्याच जणांची चांगली येऊ शकते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आम्ही खिशातून घेतो, जीएसटी सप्टेंबर २०२५ ला १२ वरून ५ टक्के केला त्याबद्दल दिल्लीचे आभार, पण दिवसाला दोन पट्ट्या आशाच्या मानधनात बसतात का ते तुम्हीच हिशोब करा. मानधनाचा विषय निघालाच आहे तर, नोव्हेंबर २०२३ ला सात हजार वाढ म्हणालात, जीआर निघेना म्हणून बायका आझाद मैदानात उन्हात बसल्या, ही पण होती, शुगर घेऊन, आणि मार्च २०२४ ला हातात आली पाच हजाराची वाढ. तेव्हा कुणाला नोटीस गेली नाही.

मागण्या म्हणाल तर फार नाहीत. नोटीस मागे घ्या. तो झेरॉक्स फेकून द्या आणि ज्याला शुगर आहे त्याच्यासाठी कमी कार्बचा तक्ता, गोळ्या कशा कमी करायच्या यासकट, मेडिकल ऑफिसरला शिकवा. नोंद असलेल्या प्रत्येक पेशंटचं तीन महिन्याला एचबीए१सी गावातल्या दवाखान्यात करा. रेशनवर डाळ द्या.

पुढच्या महिन्यात तुमचा आमच्या बाजूला दौरा आहे असं पेपरात आलंय. हिचे सगळे रिपोर्ट आणि ही मागणी छापील घेऊन मी येणार आहे. पीएकडे देऊन जा म्हणू नका, पीएकडे दिलेल्या कागदांचं काय होतं ते आशांच्या संघटनेला पाठ आहे. उभ्या उभ्या दोन मिनिटं वाचा, आणि "बघतो" नको, तारीख सांगा.

आपला,
एक गिरणीवाला, जि. सांगली