रिकेल्मे आळशी नव्हता

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "पोरगं रिकेल्मेच्या वळणावर गेलंय." म्हणजे आपल्या अर्जेंटिनाच्या त्या दहा नंबरच्या फुटबॉलपटूच्या. ओंकारनं प्रशिक्षकांशी भांडून सराव सोडला, हे ऐकून वाईट वाटलं. पण तू रिकेल्मेचं नाव शिवीसारखं घेतलंस, ते जास्त लागलं. इतकी वर्षं झाली तरी तुझा राग गेलेला नाही. म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

30 जून 2006 ची रात्र आठव. तुमच्या माडीवर टीव्ही, गल्लीत अर्धे झेंडे ब्राझीलचे, अर्धे आपल्या अर्जेंटिनाचे. बर्लिनमध्ये जर्मनीविरुद्ध विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना. रिकेल्मेच्या कॉर्नरवर आयालानं हेडरनं गोल केला, तेव्हा तू मला उचलून घेतलंस. मग 72 व्या मिनिटाला आपले प्रशिक्षक पेकरमननं रिकेल्मेला बाहेर घेऊन कांबियासोला आत पाठवलं. 80 व्या मिनिटाला जर्मनीच्या क्लोजेनं बरोबरी साधली आणि पेनल्टीवर आपण हरलो. तू म्हणालास, "चालतच होता तो, काढला ते बरं झालं." मी त्या रात्री न जेवता घरी गेलो होतो.

चालत होता, हे खरंच आहे. पण तो चालायचा तेव्हा बाकीचे काय करायचे, ते कधी बघितलंस का? पाठ गोलकडे, तळवा बॉलवर. दोघंतिघं अंगावर आले तरी ढळायचा नाही. ते जवळ आले की त्यांच्यामागची जागा मोकळी पडायची आणि आपला कुणीतरी तिथं धावायचा. मग तो पास. अर्जेंटिनात या जागेला 'एनगान्चे' म्हणतात, म्हणजे अडकवायचा आकडा, हुक. मधली फळी आणि पुढची फळी यांना अडकवून धरणारा. त्याच स्पर्धेत सर्बिया-मॉन्टेनेग्रोला 6-0 हरवताना वीसहून जास्त पास देऊन कांबियासोनं जो गोल केला, त्याची लय या माणसाची होती. धावण्यानं तसा गोल होत नाही, दत्ता. कधी थांबायचं हे कळणारा एकजण लागतो.

आणि 2000 सालचा लिबर्तादोरेसचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेचा सामना, त्याचा क्लब बोका विरुद्ध कट्टर प्रतिस्पर्धी रिव्हर. साइडलाइनजवळ रिव्हरचा बचावपटू येपेस पाठीला चिकटलेला. रिकेल्मेनं मागं न बघता तळव्यानं बॉल त्याच्या दोन पायांतून ओढला आणि स्वतः दुसऱ्या बाजूनं वळून निघाला. मी तो क्षण शंभर वेळा तरी बघितला असेल. त्याच वर्षी टोकियोत बोकानं रेआल माद्रिदला 2-1 हरवलं. गोल दोन्ही बोकाच्या पालेर्मोचे, पण माद्रिदवाल्यांना बॉल मिळू दिला नाही तो यानं.

आता स्वभाव. तो कुणाचं ऐकून घेणारा नव्हता, हे मला मान्य आहे. 2001 मध्ये पगारावरून क्लबशी वाद चालू असताना रिव्हरविरुद्ध गोल केला आणि अध्यक्ष माक्रींच्या बॉक्ससमोर दोन्ही हात कानांमागे धरून उभा राहिला. पुढच्या वर्षी त्याच्या भावाचं अपहरण झालं, पैसे देऊन सोडवावं लागलं. तशा मनःस्थितीत बार्सिलोनाला गेला, तर तिथं प्रशिक्षक व्हान खालनं त्याला मधोमध न ठेवता मैदानाच्या कडेला खेळवलं. अकरा भावंडांतला थोरला, डॉन तोर्क्वातोच्या गरीब वस्तीतला पोरगा. त्याला तिथं करमलं नाही, याचं मला नवल वाटत नाही.

मग स्पेनमधलाच क्लब व्हिलारेयाल. जेमतेम पन्नास हजार वस्तीचं गाव, आणि यानं त्यांना युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत नेलं. आर्सेनलविरुद्धची पेनल्टी आपल्याकडे रात्री दोनच्या सुमाराला झाली, त्यांचा गोलरक्षक लेमननं अडवली. मी एकटाच जागा होतो. त्यानं बॉल ठेवला तेव्हाच त्याचा चेहरा बघून माझ्या पोटात गोळा आला होता. वर्षभरात प्रशिक्षक पेलेग्रिनीशी बिनसलं आणि तो परत बोकात आला. 2007 च्या लिबर्तादोरेसच्या अंतिम फेरीत ब्राझीलच्या ग्रेमिओवर झालेल्या पाच गोलांपैकी तीन त्याचे. त्याला कुणी आळशी म्हणावं?

राष्ट्रीय संघ त्यानं दोनदा सोडला. विश्वचषकानंतर टीकेनं आईची तब्येत ढासळली, म्हणून पहिल्यांदा. दुसऱ्यांदा 2009 मध्ये, प्रशिक्षक मॅराडोनानं त्याच्याबद्दल उघड बोलल्यावर. हा दुसरा निर्णय मला आजही खुपतो. तीस वर्षांचा गडी रुसून बसला आणि आपला दहा नंबर गेला. तिथं तुझं बरोबर आहे, त्याची चूक मी कबूल करतो. पण मॅराडोनापुढे मान न झुकवणारा आणि तीन बचावपटू अंगावर असताना बॉल न सोडणारा, ही दोन माणसं वेगळी नव्हती.

आज तो बोकाचा अध्यक्ष आहे. 2023 च्या निवडणुकीत समोरच्या पॅनेलमधून तेच माक्री उपाध्यक्षपदाला उभे होते. सभासदांनी रिकेल्मेला निवडलं.

ओंकारला मी लहानपणापासून खेळताना बघतोय. तो बॉल घेताना आधी मान वळवून बघतो, हे कुणी शिकवलेलं नाही. त्याला ओरडू नकोस. प्रशिक्षकांशी काय बोलायचं ते तो आणि मी बसून ठरवू. मी गणपतीत येतोय. तुमच्या माडीवर पुन्हा बर्लिनचा सामना लावू, तिघं मिळून, आणि या वेळी 72 व्या मिनिटाला तू गप्प बसायचंस.

वहिनींना नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुझा,
शिवा