ज्वारी फरशीवर सांडली तर बिघडलं कुठे?

संपादक महोदय,

नववीच्या भूमितीत ‘पृष्ठफळ व घनफळ’ हे प्रकरण आलं की मी घरून पिशवीभर ज्वारी घेऊन शाळेत जाते. ए-फोर आकाराचे दोन जाड कागद घ्यायचे, एक उभा गुंडाळायचा, एक आडवा. नळकांडी तयार. कागद तेवढाच, म्हणजे वक्रपृष्ठफळ तेवढंच. मग ज्वारी जास्त कशात मावेल? यंदा निम्म्या वर्गानं उंच नळकांड्याकडे बोट दाखवलं, बाकीचे म्हणाले, “सारखीच की, बाई!”

परातीत बुटकं ठेवलं, त्याच्या आत उंच उभं केलं, काठोकाठ भरलं आणि अलगद वर ओढून घेतलं. ज्वारी भसकन खाली बसली. बुटक्याचा वरचा सहा सेंटिमीटर भाग रिकामाच! एरवी खिडकीबाहेर बघणारा एक जण चक्क बाकावर चढून डोकावला. मग हिशेब केला: उंचात साधारण 1042 घन सेंटिमीटर, बुटक्यात 1474. घनफळाच्या सूत्रात वर्ग त्रिज्येचा होतो, उंचीचा नाही, हे पोरांनीच मला सांगितलं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी मात्र फरशीवरचे दाणे बघून विचारलं, “सूत्रं पाठ आहेत का?” आहेत, साहेब. पण शंकूच्या सूत्रातला एक तृतीयांश कुठून आला, तेही विचारा ना. आमच्या गणित पेटीतले शंकू मोडतील म्हणून कपाटात कुलूपबंद आहेत. आठवड्याला प्रयोगाची एक जोडतासिका आणि त्या कपाटाची किल्ली, एवढंच मागणं आहे.

ज्वारी मी संध्याकाळी पाखडून घरी नेते. भाकरी होतेच तिची.

— एक गणित शिक्षिका, सोलापूर