मनूच्या लग्नातल्या सुगंधी पिशव्यांबद्दल

ती. आई आणि बाबांना शि. सा. न.

वि. वि. पत्र मिळालं. मी उत्तम आहे. जेवण वेळेवर होतं, घर उबदार आहे, बाकीचं फोनवर तुम्हाला कळतंच. बाबा, रात्री सुई-दोरा घेऊन मी डोळे बिघडवत नाही. दिवा चांगला आहे, नोकरी चालू आहे, आणि पिशवीची सगळी शिवण सरळ रेषेतली आहे.

आई, तू विचारलंस की इकडची माणसं कपाटात कापडाच्या पुरचुंड्या कशाला ठेवतात. नीट सांगते. इकडे जवळजवळ प्रत्येक घरात लोकरीचे कपडे असतात आणि उन्हाळ्यात ते महिनोन्‌महिने कपाटात पडून असतात. त्यांना कसर लागते. उडणारा पतंग कापड खात नाही, त्याची अळी खाते, आणि तीही लोकर, रेशीम, पीस असलं प्राणिज तेवढंच. आपल्याकडच्या डांबराच्या गोळ्या इथे वापरत नाहीत, कारण नॅफ्थलीनच्या गोळ्या विकायला युरोपीय संघात 2008 पासून बंदी आहे. म्हणून सुक्या लॅव्हेंडरची पिशवी हँगरला अडकवतात, खणात ठेवतात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी मुठीत धरून चुरगळतात. पाहुणा आला तरी कपाट उघडून चुरगळतील! चुरगळल्याने कळ्यांमधलं तेल मोकळं होतं आणि वास परत येतो. मात्र या वासाने पतंग जरा लांब राहतो इतकंच. घातलेली अंडी आणि अळ्या मरत नाहीत. कपडा धुऊन, घामाचा किंवा सांडलेल्या अन्नाचा डाग काढूनच आत ठेवायचा, ते काम पिशवी करत नाही. पिशवीच्या भरवशावर पैठण्या ठेवणार असशील तर हे लक्षात ठेव.

आता मनूच्या लग्नात वाटायच्या शंभर पिशव्या. बाजारातून आणू नका, घरी होतात.

कापड सुती, घट्ट विणीचं घ्या. मांजरपाट किंवा बारीक छापील सुती कापड उत्तम. पॉलिएस्टर नको, ते निसरडं असतं, कोपरे नीट बसत नाहीत. जाळीदार ऑरगन्झा दिसायला छान, पण त्यातून भुकटी गळते आणि ती आपल्याच साड्यांवर पडते. मनूला ऑरगन्झाच हवा असेल तर आत मलमलीची वेगळी पिशवी करावी लागेल, म्हणजे काम दुप्पट. कापड आधी धुऊन, कांजी काढून, इस्त्री करून घ्या. न धुतलेलं कापड पुढे आटलं की शिवण ओढली जाते.

दोन चौकोन जोडण्यापेक्षा 11 बाय 20 सेंटिमीटरची पट्टी कापून मधोमध दुमडा. एक बाजू घडीचीच मिळते आणि शंभर शिवणी वाचतात. चारी कडांना एक सेंटिमीटर शिलाईसाठी धरलं की तयार पिशवी 9 बाय 9 होते. 110 सेंटिमीटर पन्ह्यात किनार सोडून नऊ पट्ट्या बसतात, म्हणजे शंभरासाठी बारा ओळी, 2 मीटर 40 सेंटिमीटर. आटणं आणि चुका धरून 3 मीटर आणा. पट्टी कापडाच्या उभ्या धाग्याला धरूनच कापा. तिरकी कापलीत तर पिशवी पिळवटते, आणि कितीही इस्त्री केली तरी सरळ होत नाही.

सुलट बाजू आत ठेवून दुमडा. लटकवायची फीत दुमडून, टोकं शिवणीकडे ठेवून, शिवायच्या आधीच आत अडकवा. दोन बाजू पूर्ण शिवा, तिसऱ्या बाजूला मधोमध 4 सेंटिमीटर तोंड उघडं ठेवा. तोंड कोपऱ्यात ठेवू नका, तिथे बंद करताना गाठोडं होतं. मशीनची टीप बारीक, साधारण 2 मिलिमीटरची ठेवा. मोठ्या टिपेतून भुसा बाहेर येतो. तोंडाच्या दोन्ही टोकांना मागेपुढे टीप मारा, नाहीतर उलटवताना तिथेच उसवतं. हाताने शिवणार असाल तर साधा धावदोरा पुरत नाही, उलटी टीप घाला. शिवलेले कोपरे तिरपे छाटा, पण टिपेपासून दोन-तीन मिलिमीटर लांब. मग पिशवी उलटवून विणायच्या सुईच्या बोथट टोकाने कोपरे बाहेर काढा. कात्रीचं टोक वापरलं की भोक पडलंच म्हणून समजा. भरण्याआधी इस्त्री करा आणि उघड्या तोंडाच्या कडाही आत दुमडून दाबून घ्या. भरल्यावर इस्त्री करता येत नाही.

खरी मेहनत आतल्या मालाची आहे. तिथे घाई केलीत तर पिशवी कितीही सुबक असली तरी वाया. लॅव्हेंडर आणण्याचा खटाटोप नको. आपल्याकडचा वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी जास्त टिकतात, आणि मला तरी तोच वास आवडतो. बारीक कापलेला वाळा चार वाट्या, सुक्या गुलाबपाकळ्या तीन वाट्या, जाडसर कुटलेला नागरमोथा एक वाटी, कपूरकाचरी एक वाटी, वरून अर्धवट ठेचलेल्या लवंगा दोन चमचे. एवढ्यात वीसेक पिशव्या होतात. असे पाच घाणे करा. पाकळ्यांचा वास लवकर उडतो, वाळ्याची आणि नागरमोथ्याची मुळं तो धरून ठेवतात, म्हणून ती वगळू नका. मोगरा-जाई घालू नका, वाळल्यावर त्यांना वासच उरत नाही. बकुळीची फुलं मिळाली तर जरूर घाला, ती सुकूनही दरवळतात.

सगळं सावलीत वाळवा. उन्हात रंगही जातो आणि तेलही. पाकळी चिमटीत चुरा झाली पाहिजे. नुसती वाकली तर ती ओलीच आहे, आणि अशी एक मूठ सगळ्या बरणीला बुरशी आणते. कुटलेला माल चाळून बारीक पूड बाजूला काढा, ती कापडातून झिरपून डाग पाडते. वास वाढवायला तेल हवंच असेल तर एका घाण्याला आठ-दहा थेंब, तेही नागरमोथ्यात चोळून. कापडावर थेंब टाकला की तेलकट वलय उमटतं. मिसळलेला माल झाकणाच्या काचेच्या बरणीत दोन आठवडे अंधारात ठेवा आणि रोज हलवा. पहिल्या दिवशी लवंग एकटीच पुढे येते, नंतर वास एकजीव होतो. वजनासाठी तांदूळ घालायचं मामीने सुचवलं तर ऐकू नका. पोरकिडे होतील आणि ते सगळ्या खणात फिरतील.

भरताना कागदाचं नरसाळं करा. एका पिशवीत चार मोठे चमचे. बोटांनी चोळल्यावर आतला माल फिरला पाहिजे. ठासून भरलीत तर चुरगळता येत नाही आणि कोपरेही गोल होतात. तोंड हाताने, दोन्ही घड्यांच्या आतून टाका घेत बंद करा, म्हणजे दोरा दिसत नाही. लटकवायची फीत दुमडून, टोकं शिवणीकडे ठेवून, शिवायच्या आधीच आत अडकवा. प्रत्येक पिशवीला एक चिठ्ठी जोडा: रेशमावर थेट ठेवू नये, महिन्यातून एकदा चुरगळावी, लहान मुलाच्या हातात देऊ नये.

आई, तू एकटीने बसू नकोस. कापणं आत्याकडे, भरणं मुलांकडे, मशीन तेवढी तुझी. खरं तर हे सगळं मी तिथे बसून करायला हवं होतं. तिकीट मुहूर्ताच्या दोनच दिवस आधीचं मिळालंय, रजा त्याहून जास्त नाही, आणि मनू फोनवर 'चालेल गं' म्हणाली ते मला काही बरं वाटलं नाही. तिची समजूत तू काढ, मीही बोलेन. पैसे काल पाठवलेत. बाबा, ते कर्जाऊ नाहीत, हिशोब ठेवू नका. कार्यालयाचा दुसरा हप्ता त्यातून द्या. मला इकडे काही कमी पडत नाही. आणि माझ्या स्थळांचा विषय मनूच्या मांडवात नको. पुढच्या वर्षी जास्त रजा घेऊन येईन तेव्हा बसून बोलू, टाळणार नाही.

तुमची,
सुमा

ता. क. तयार पिशव्या लग्नापर्यंत झाकणाच्या डब्यात ठेवा आणि मांजरीपासून लांब. सुगंधी तेलं मांजरांना बाधतात.